बर्फाच्या फावड्याला होडेकरमामांची मूठ

होडेकरमामा कुठल्याही वस्तूला आधी टिचकी मारत आणि मग तिच्याबद्दल बोलत. दार असो, नळ असो, औषधांचं कपाट असो, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टक् करायचं, मान किंचित तिरकी करून ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा. "भरीव हाय." किंवा, "पोकळ हाय." तिसरा निकाल नसे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या वॉर्डातल्या टेबलाला टिचकी मारत होते. टेबलाचा पाय मोडल्याची तक्रार मीच केली होती. टेबल झाल्यावर त्यांनी टेबलावरच्या माझ्या जाड पुस्तकालाही एक टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्या मात्र भरीव हाय, बाय. वाचून संपलं की पाय म्हणून लावू."

मी कुवेतच्या एका सरकारी इस्पितळात नर्स होते आणि ते तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे कोकणी मुसलमान. वडील आणि आजोबा होड्या बांधत. मामा विसाव्या वर्षी कुवेतला आले, तिथल्या अम्गरा भागातल्या एका भंगारवाल्याकडे वेल्डिंग शिकले आणि पुढं इस्पितळात लागले. वीस वर्षं होऊन गेली होती. सगळ्या नर्सना ते 'बाय' म्हणत, डॉक्टरांना 'साहेब' आणि जनरेटरला 'म्हातारा'. "म्हातारा आज खोकतोय," असं म्हणून ते तळघरात उतरले की आम्ही मेणबत्त्या काढून ठेवायचो.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या आणि आपली माणसं मिळेल त्या वाटेनं मायदेशी निघाली. खैतान वस्तीत मामांबरोबर एका खोलीत राहणारे सहाही जण गेले. मामा गादी गुंडाळून इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये राहायला आले. मी वॉर्डातल्या मुलांना सोडून जायचं नाही असं ठरवलं होतं. मामांना मी विचारलं, तुम्ही का थांबलात? तर म्हणाले, "म्हाताऱ्याला दुसरा कोण ओळखतो?" एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही.

लढाईच्या दिवसांत ऑक्सिजनचे सिलिंडर उतरवताना ट्रकची मागची फळी त्यांच्या उजव्या हातावर पडली. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन बोटं आमच्याच थिएटरमध्ये काढावी लागली. मी तेव्हा त्यांच्या उशाशी होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हात वर धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बाय, म्हाताऱ्याचं तेल कोण बघतंय?" जखम भरली, पट्ट्या निघाल्या, पण त्यांनी टिचक्या मारायचं सोडून दिलं. ते वर्कशॉपमध्ये बसून राहत, काही विचारलं तर लांबूनच बघून सांगत. तेलविहिरींच्या आगीच्या धुरानं दुपारीसुद्धा दिवे लावावे लागत होते. त्या अंधारापेक्षा मला ते न ऐकू येणारं टक् जास्त लागायचं.

कुवेत मुक्त झालं आणि इस्पितळाचे मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, परत आले. माणूस चांगला होता, पण नियमाचा. ज्यांना काम जमणार नाही त्यांना मायदेशी पाठवायचं, अशी यादी त्यांच्या टेबलावर होती आणि तिच्यात मामांचं नाव होतं. महिनाअखेर वैद्यकीय तपासणी, नापास झालं की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द. मुदीरांनी हे त्यांना खुर्चीवर बसवून, चहा देऊन सांगितलं. मामा बाहेर आले ते थेट माझ्या वॉर्डात.

"मना पाठवाचा तर दमलो म्हणून पाठवा," ते म्हणाले. "मोडलो म्हणून नको."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोकळ हाय, बाय." टिचकी मात्र मारली नाही.

त्याच आठवड्यात मदतीच्या सामानाचा कंटेनर आला. कुठल्यातरी थंड देशातल्या भल्या माणसांनी ब्लँकेटं, दुधाची पावडर, आणि सुती दोरीनं बांधलेल्या चार लांब पेट्या पाठवल्या होत्या. पेट्या उघडल्या तर आत लाकडी दांड्यांची, ॲल्युमिनियमच्या रुंद पात्यांची अवजारं. सगळे गोळा झाले. मामांनी एक उचलून पाहिलं.

"ह्या सूप कोणाच्या घरचं? तांदूळ पाखडाचे काय?"

मी म्हटलं, "मामा, हे बर्फ उपसायचं फावडं आहे. मी पुस्तकात चित्र पाहिलंय."

"बर्फ? कुवेतात? कोणाच्या फ्रीजमधला?" सगळे हसले. मामाही हसले, आणि हसता हसता त्यांचा डावा हात दांड्याकडं गेला. टक्. त्यांनी मान तिरकी केली. "लाकूड भरीव हाय," ते म्हणाले. पट्ट्या निघाल्यापासूनची ती पहिली टिचकी. डाव्या हाताची, जरा चुकार, पण टिचकीच.

फावड्यांची आम्हाला गरज होती. इस्पितळाच्या मागून तळघरात उतरणारा एक उतार होता. ॲम्ब्युलन्स तिथूनच खाली यायची. लढाईत त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूची पोती रचली होती, ती फुटली होती. वरून महिनोन् महिने वारा वाळू आणत होता, आणि आता काजळीचं तेलकट पाणी त्यावर बसून सगळ्याचा चिखलासारखा जड थर झाला होता. रुग्णांना स्ट्रेचरवरून जिन्यानं हातांनी उचलून न्यावं लागे. उतारावर छत असल्यामुळं मोठं यंत्र आत शिरत नव्हतं, आणि इस्पितळाची जुनी फावडी इराकी ताब्याच्या सात महिन्यांत कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं.

पण बर्फाचं फावडं वाळूला कसं पुरणार? पातं रुंद, त्यामुळं एका खेपेला दुप्पट वजन यायचं. सफाईच्या बंगाली कामगारांनी दोन तास उपसलं आणि कंबर धरून बसले. तीन दांडे पात्याजवळ कडकन् मोडले.

दुसऱ्या दिवशी मामा भंगाराच्या खोलीत शिरले. तिथं मोडक्या खाटा, चाकं गेलेल्या खुर्च्या आणि कुबड्यांचा ढीग होता. कोपराला अडकवायच्या कुबड्या, ज्यांना हाताला धरायची मूठ असते आणि वर कोपराखाली बसणारी अर्धगोल कड असते. त्यांनी एक कुबडी कापली आणि तिचा वरचा भाग फावड्याच्या दांड्याच्या मधोमध लोखंडी पट्टीनं जोडला. डाव्या हातात दांड्याच्या टोकाची मूठ. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी कुबडीच्या मुठीवर. आणि स्ट्रेचरचा एक पट्टा कोपराखाली आवळलेला. वजन बोटांवर येऊच द्यायचं नाही, ते हातावर, खांद्यावर घ्यायचं, असा तो विचार होता. त्यांच्या हाताचं माप मी टेपनं घेतलं.

"पुस्तकात लिवलंय काय असं?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. मी सगळं शोधलं."

"मग बरा हाय. चुकलं तरी कोण हसाचा नाय."

पण हसायची वेळ आली. मामांनी मुदीरांना बोलावून घेतलं. मुदीर पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, नाकाला रुमाल लावून उताराच्या तोंडाशी उभे राहिले. मामांनी पातं वाळूत घातलं, उचललं, बाजूला टाकलं. दुसरी खेप, तिसरी खेप. चौथ्या खेपेला दांडा बरोब्बर पट्टीच्या कडेला मोडला आणि घमेलंभर काळी वाळू मामांच्या आणि मुदीरांच्या पायावर पडली. एक कामगार खुदकन हसला. मुदीर हसले नाहीत. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "खलास, होडेकर. आता आराम कर."

तो हात खांद्यावर नसता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले. मामा मोडका दांडा मांडीवर घेऊन बसले होते. डाव्या हाताच्या बोटानं त्या दांड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिचक्या मारत होते. टक्, टक्, टक्, आणि पट्टीपाशी वेगळाच, फुटका आवाज.

"लाकडाची चूक नाय," ते म्हणाले. "माजी हाय. वीस वर्षं लोखंड जोडतोय, मना वाटलं सगळंच तसं जोडतात. पट्टी आवळली, आणखी आवळली, अशी की दांड्याला श्वास घेवाला जागा नाय. माज्या बापानं बघितलं असतं तर हातोडाच फेकून मारला असता."

मग त्यांनी मला होडीबद्दल सांगितलं. त्यांचे वडील फळ्या एकमेकींना काथ्यानं शिवत. खिळा मारला तर लाट आपटल्यावर खिळ्यापाशीच फळी चिरते. शिवलेली फळी लाटेबरोबर जराशी हलते आणि पुन्हा जागेवर येते. वडील नव्या होडीवर उभे राहून पाय रोवून तिला हलवून बघत आणि कुठलाच जोड हलला नाही तर तो उसवून पुन्हा शिवायला लावत. "जोड हलला पायजे," मामा म्हणाले, "पण सुटला नाय पायजे. इतकी साधी गोष्ट, बाय. आगबोटीतून उतरताना बंदरावर विसरून आलो."

त्यांनी लोखंडी पट्टी भंगारात टाकली. दुसरं फावडं घेतलं, ॲम्ब्युलन्सच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापून त्याच्या दांड्यावर तीन वेढे दिले. त्यावर कुबडीची नळी ठेवली आणि फावड्यांच्या पेट्यांना बांधलेली तीच सुती दोरी घेऊन शिवण घालायला सुरुवात केली. सरळ वेढे नव्हेत, एक आडवा, एक तिरका, मध्ये लाकडी खुंटीनं पीळ द्यायचा आणि पुढचा वेढा. दोरीचं एक टोक ते दातात धरत. दुसरं धरायला मी पुढं झाले तर म्हणाले, "बघत ऱ्हा. मदत नको." दोन बोटांच्या हातानं त्यांना सबंध दुसरा दिवस लागला. पातंही त्यांनी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापून अरुंद केलं.

या वेळी त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. सकाळी सातला एकटेच उतारावर गेले. मी ड्यूटीवर जाताना पाहिलं तेव्हा त्यांच्या पाठीमागं कमरेइतका ढीग झाला होता. फावडं भरलं की मूठ किंचित डावीकडं कलायची, वाळू टाकली की जागेवर यायची. मामा वाकत नव्हते. पाठ ताठ, नजर समोर, जणू वल्हं मारतायत. परवा हसलेला तो कामगार जवळ येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं हिंदीत विचारलं, "चाचा, मेरेवाले को भी लगा दोगे?"

"तेरे को तो दस उंगली है," मामा म्हणाले.

"कमर तो एक ही है ना, चाचा!"

मामा इतके हसले की त्यांना फावडं टेकवावं लागलं.

पुढच्या चार दिवसांत वर्कशॉपमध्ये दुसरं काही चाललं नाही. भंगारातल्या कुबड्या संपल्या तेव्हा खाटांच्या नळ्या कापल्या. मामा शिवण शिकवत, दुसरे शिवत, आणि प्रत्येक मुठीला शेवटची टिचकी मामांची. एखादी पोकळ वाजली की ते न बोलता दोरी कापून टाकत आणि शिवणारा कपाळाला हात लावी. कोपराचा पट्टा फक्त त्यांच्या फावड्याला होता. बाकीच्यांना नुसती दुसरी मूठ. उपसणाऱ्यांच्या ओळीत सफाई कामगार होते, दोन ड्रायव्हर होते, सुटीच्या तासात आम्ही नर्सही होतो. तोंडाला मास्क बांधलेले, हात कोपरापर्यंत काळे. सर्वांत पुढं मामा. एकही दांडा मोडला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी उताराचं सिमेंट दिसलं. दुपारी ड्रायव्हरनं ॲम्ब्युलन्स वर आणून उभी केली, एकदा मामांकडं पाहिलं आणि भोंगा वाजवत ती खाली उतरवली. तळघराच्या दारापाशी ती थांबली तेव्हा असा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावरचे रुग्ण घाबरून खिडकीशी आले. बंगाली कामगारांनी मामांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. "अरे सोडा, पडेन, पडेन," म्हणत मामा त्यांच्यावर ओरडत होते आणि फावडं काही हातातून सोडत नव्हते. पट्टा आवळलेला होता ना!

मुदीर खाली आले. या वेळी नाकाला रुमाल नव्हता. त्यांनी ते फावडं मागितलं, स्वतः धरून पाहिलं, मूठ हलवून पाहिली. मूठ हलली. त्यांनी भुवया वर केल्या. मामा मोडक्या अरबीत म्हणाले, "हलते, पण सुटत नाही." मुदीरांनी जोर लावून ओढलं, पुन्हा ओढलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "मुमताज!" म्हणजे उत्तम. मग तिथंच, ॲम्ब्युलन्सच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी यादीतलं नाव खोडलं आणि पुढं चार शब्द लिहिले. ड्रायव्हरनं वाचून दाखवलं: वर्कशॉपचा मुख्य, कामावर हजर.

मामांनी बॉनेटवरच्या त्या कागदाला टिचकी मारली. कागद कसला वाजतोय! पण खालचा पत्रा खणखणला. "आता भरीव हाय, साहेब," ते मराठीत म्हणाले. मुदीरांना काय कळलं कोण जाणे, त्यांनीही एक टिचकी मारली.

त्यानंतर अकरा वर्षं मामा तिथं होते. नव्या फिटरांना वेल्डिंगच्या आधी ते दोरीची शिवण शिकवत, आणि ती पोरं वैतागत. निवृत्त झाले तेव्हा कपड्यांच्या दोन बॅगा आणि ते एक फावडं घेऊन गेले. विमानतळावरच्या माणसानं हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बर्फ पडतो आमच्या रत्नागिरीला." मी पुढं पुण्याला परतले. वर्षातून दोनदा फोन व्हायचा. "बाय, वाचतंस का अजून? डोळे भरीव हायत ना?"

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा युसूफ याचा फोन आला. मामा झोपेतच गेले. दमून, असं तोच म्हणाला. मोडून नाही. मग तो दफनाबद्दल सांगू लागला. कबरीवर माती लोटायला घरातली सगळी फावडी नेली होती. अब्बांचंही नेलं. शेवटची माती त्याच फावड्यानं ओढली.

"अजून वापरात आहे?" मी विचारलं.

"दांडा मी दोनदा बदलला, आत्या. दोरी दर पावसाळ्याच्या आधी अब्बाच नवी शिवायचे. मूठ तीच हाय, कुबडीची." मग तो उठल्याचं ऐकू आलं. "हितंच आहे, दाराशी. ऐकताय?"

फोन दांड्याजवळ नेल्याचा आवाज आला. मग टक्. आणि पुन्हा एकदा, टक्.

भरीव होता.