नोरीनच्या गाडीचा वायपर

गुरुवारी सकाळी टली गावच्या उसाच्या मळ्यांतून जाताना नोरीन झप्पालाच्या गाडीचे दोन्ही वायपर मध्येच थांबले. पाऊस मुसळधार. खिडकीबाहेर मान काढून, गोगलगाईच्या चालीनं तिनं गाडी डेसच्या गॅरेजपर्यंत आणली. मी तिची शेजारीण. बाजूला जीव मुठीत धरून बसले होते.

डेसनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "मोटर गेली. सदतीस वर्षांच्या गाडीला मोटर कुठून आणू? भंगारात दे. आणि तुझी एकाहत्तर वर्षं उलटली, तूही आता घरी बस."

"तू आधी बॉनेट तरी उघडायला शीक," नोरीन म्हणाली.

पाऊस ओसरल्यावर तिनं गाडी घरी आणली. संध्याकाळी मुलाचा, कार्लोचा फोन; डेसनं त्याला कळवलं होतं. "आई, शनिवारी येतो. चावी माझ्याकडे दे."

"जेवायला ये. चावीचं नाव काढू नकोस."

तिची बहीण जवळच्या इनिसफेल गावातल्या वृद्धाश्रमात होती. दर गुरुवारी तिला भेटायचं, हा नोरीनचा नेम. तो आज पहिल्यांदाच चुकला होता. नवरा होता तोवर ऊसतोडणीची यंत्रं दोघांनी मिळून दुरुस्त केलेली. ग्रीसचं तिला भय नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडीत बसवलं. "दाब बटण."

दाबलं. तिनं काचेच्या बुडाशी कान लावला. "ऐकतेस? गुणगुणतेय. म्हणजे फ्यूज शाबूत, मोटर जिवंत. मेलेलं कधी गुणगुणतं का?"

मग तिनं एक वायपर हातानं हलवला. दुसराही त्याच्यासोबत अलगद डुलला. "या दोघांची जोडी घट्ट आहे. मोटरशी तेवढं फाटलंय."

काचेखालची जाळी काढली, तर मोटरकडून येणारी सळी निसटून लोंबत होती. तिच्या सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या बुशचा, म्हणजे सळी धरून ठेवणाऱ्या छोट्या कड्याचा, भुगा झालेला. तसला बुश आता दुकानात मिळत नाही. नोरीननं स्वयंपाकघरातला जाड नायलॉनचा भाजी चिरायचा पाट आणला, कोपरा कापला आणि कानशीनं घासत बसली. पहिला सैल झाला. दुसरा तडकला. तिसरा खटकन बसला.

शनिवारी कार्लो आला तेव्हा धो धो कोसळत होतं. "बस," म्हणत तिनं त्याला थेट डेसच्या दारात नेलं. मी मागच्या सीटवर. वायपर सपासप चालले होते.

डेस वाकून बघत राहिला. "किती दिवस टिकेल हे?"

"तुटलं तर पाट अजून बराच शिल्लक आहे."

कार्लोनं हळूच विचारलं, "आता घरी ना?"

"इनिसफेलला," नोरीननं गिअर टाकला. "मावशी वाट बघत असेल तुझी."