कंस गाळणारे पाटीकाका

नावाच्या पितळी पाट्या करणाऱ्या पाटीकाकांना पाटीवरची गर्दी सोसायची नाही. गिऱ्हाईक नावापुढे पदव्या आणि कंसात ‘निवृत्त’ असं काही लिहून आणायचं, की काका पेन्सिलीनं फुली मारायचे. कंस म्हणजे नावाला लटकलेली पिशवी, असं त्यांचं मत.

बायको मात्र तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून घरी बसलेली, आणि बसवत नव्हतं म्हणून शिकवणी काढणारी. उद्या सकाळी पहिला वर्ग, आणि दारावर पाटी हवी. काकांनी तोरा मिरवला होता, घरचीच पाटी, झोकात करतो.

पितळ खाणारं द्रावण संपलं होतं. काकांनी फोनवर आयर्न क्लोराइड मागितलं. दुकानदारानं कंसात दोन की कंसात तीन विचारलं, तर काका म्हणाले, कंसबिंस काही नको, नुसतं द्या. त्यानं हाताला लागलं ते दिलं.

संध्याकाळी पाटी फिकट हिरव्या पाण्यात बुडून पडली ती पडलीच. अक्षर काही उमटेना. काका तसराळं हलवून थकले. शेवटी बायकोला हाक मारली.

तिनं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अहो, हे दोनवालं. तीनवालं लोखंड पितळेतल्या तांब्याकडून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, म्हणून पितळ खातं. याचं पोट आधीच भरलंय.”

“मग लोखंडाला एकच नाव का नाही?”

“कारण ते कधी दोन इलेक्ट्रॉन देतं, कधी तीन. तुमच्या धाकट्या भावासारखं. नक्की किती ते कंसात लिहावं लागतं.”

दोनवाल्याचं तीनवालं करायला तिनं औषधाच्या दुकानातून पेरॉक्साइड आणलं, आम्ल काढलं, हातमोजे चढवले. पण बाटली लगेच उघडली नाही. आधी Fe₂O₃ चं नाव सांगा, म्हणाली.

काका घामाघूम. बोटं मोजत म्हणाले, “आयर्न टू.”

“खालचा दोन म्हणजे लोखंडाची डोकी. ऑक्सिजन तीन, प्रत्येकाचे उणे दोन. किती?”

“सहा.”

“दोघांत वाटा.”

“तीन. आयर्न... कंसात तीन... ऑक्साइड.”

तिनं ओतलं. हिरवं पाणी चहासारखं तपकिरी झालं आणि पितळ गुमान झिजू लागलं.

सकाळी पाटी दारावर चमकत होती. पालक कौतुक करत होते. बायकोनं सगळ्यांदेखत सांगितलं, की एक विद्यार्थी पहिल्या धड्यात कालच पास झाला, दुसऱ्या खेपेला. काका पाटी लावायला आणलेली शिडी उचलून आत गेले.