सात नंबरचा डबा

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो. मी तेव्हा मुंबईत एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. विषय असा, की कॅन्सर रोखणारं म्हणतात ते हळदीतलं द्रव्य पोटात गेल्यावर शरीर त्याचं काय करतं. ऐकायला भारदस्त, प्रत्यक्षात मी दिवसभर लोकांची लघवी मोजायचे.

तंबाखू न खाणारी माणसं हवी होती. बाबा नुकतेच निवृत्त झालेले. "मी आहे की! सोडून वर्ष झालं," ते म्हणाले. मग रोज सकाळी दुधातून हळद आणि ठरल्या दिवशी चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या डब्यात. एकदा तर डबा घेऊनच ते जवळच्या मोरवा गावात मित्राकडे जेवायला गेले. रिक्षावाल्याने विचारलं, "अंकल, इसमें क्या है?"

"सरकारी काम," बाबा म्हणाले.

निकाल आले. लघवीत हळद फारच थोडी, म्हणजे बरीचशी आतड्यातून तशीच बाहेर पडत होती. थोडी आत शिरायची, तिलाही यकृत साखरेसारखा एक तुकडा चिकटवून बाहेरची वाट दाखवायचं. सात नंबरच्या डब्यात मात्र निकोटिनचे अवशेषच भरपूर सापडले. सात नंबर म्हणजे बाबा.

"बाबा, तंबाखू?"

"शेजारी खातो. वास येतो त्याचा."

"वासाने एवढं?"

आई आतून ओरडली, "मीटरच्या पेटीत बघ, पुडी तिथे असते!"

बाबा ओशाळले नाहीत. "अगं, हळद घेतोय म्हणून तर बिनधास्त खातोय."

"ती हळद संध्याकाळपर्यंत गटारात जातेय, बाबा."

ते म्हणाले, "तंबाखू खाणाऱ्यांचीही यादी असेल ना? तिच्यात घाल मला."

घातलं. त्या यादीतल्यांचं तोंड डॉक्टर तपासायचे. बाबांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. "कॅन्सर नाही, पण होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. घरी आल्या आल्या बाबांनी पुडी संडासात रिकामी केली. माझी टिंगल तिथेच आटली.

वर्षभरात चट्टा विरला. तंबाखू सोडल्यामुळे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबांनी मात्र अख्ख्या सोसायटीला हळदीचं दूध लावलं. खालच्या गुजराती काकूंना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हमारी बेटी की खोज है."

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, की आई चिमटा काढायची.