चौथा कोपरा

फोटो स्टुडिओच्या मागच्या बाजूला, पडद्याआड, जाळीवाली बाई बसायची. हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिलेलं. पुढे मालक लोकांना "हसा, अजून थोडं हसा" म्हणत फोटो काढायचे आणि मागे ही त्या हसऱ्या चेहऱ्यांचे अल्बम कॉम्प्युटरवर सजवायची. फुलं, फिती, बटणं, जुन्या कागदाचा पिवळेपणा, सगळं माउसनं. पण तिचा हात खरा बसला होता तो लेसवर. छापलेल्या पानावरच्या तिच्या लेसला लोक नखानं टोकरून बघायचे, खरीच चिकटवलीय की काय म्हणून. तेव्हा मालकांची छाती अशी फुलायची, जणू टाके त्यांनीच घातलेत.

तसं काम फार अवघड नव्हतं. रेषेवरून गोल ब्रश फिरवला की कडेला कमानी उमटतात. कमानींत लहानमोठी भोकं पाडली की खालचा कागद डोकावतो. मग सावली द्यायची, आणि नवशिके घोळ घालतात तो इथेच. सावली जाड झाली की लेस प्लॅस्टिकची दिसते. ती हवी पुसटशी, दोऱ्याच्या जाडीएवढी. दोरा किती जाड असतो हे तिला ठाऊक होतं, कारण तिची आई क्रोशानं विणायची आणि आईनं दोघी मुलींना शेजारी बसवून शिकवलं होतं.

ताईचा टाका मोजूनमापून. हिचा आपला देवाच्या भरवशावर. हिची चूक दिसली की ताईला राहवायचं नाही. विणकाम हातातून ओढून घ्यायची, भराभरा उसवायची आणि "हं, आता नीट कर" म्हणून परत द्यायची. पुढे ताई शिक्षिका झाली, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

आई गेल्यावर तिनं विणलेला मोठा टेबलक्लॉथ ताईनं घडी घालून आपल्या घरी नेला. "तुझ्याकडे धड राहायचा नाही," असं म्हणाली. हिचंही डोकं फिरलं. "ने. तुला माणसांपेक्षा वस्तूच जास्त प्यारी," असं बोलून बसली. झालं, अबोला पडला. वर्षं गेली. एका खोलीत बसल्या तरी ताईच्या मुलीमार्फत बोलायच्या. "मावशीला विचार गं, चहा घेणार का." "आईला सांग, अर्धा कप." मावशी आणि आई हाताच्या अंतरावर. भाची बिचारी टपालखात्यात नोकरीला असल्यासारखी.

याच भाचीच्या मुलीचा पहिला वाढदिवस आला. "मावशी, अल्बम तूच करायचास," भाचीनं बजावलं.

मुखपृष्ठाला आईच्याच टेबलक्लॉथची लेस लावायची, हे हिनं त्याच क्षणी ठरवलं. मूळ वस्तू ताईकडे, तेव्हा आठवणीतूनच काढायची. एक कमान जमली की बाकीच्या कॉपी करून लावता येतात. अडतं ते कोपऱ्यावर. दोन पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवायच्या, जोडावर तिरपं कापायचं आणि मोकळं व्हायचं, असंच सगळे करतात. आईला ते खपलं नसतं. "कोपरा कापायचा नाही, वळवायचा," असं ती म्हणायची. तिथे टाके वाढवायची आणि लेस पंख्यासारखी पसरत वळायची. डब्याच्या सुट्टीत बसून हिनं एकेक पाकळी फिरवत तीन कोपरे तसे वळवले.

चौथ्यावर हात थांबला. आणि बाईनं, चांगलं येत असताना, तो कोपरा सरळ कापून टाकला.

मालक डोकावले. "बाई, हा कोपरा जरा..."

"राहू द्या. मुद्दाम आहे."

मुद्दामच होता. तिला ताईची बोलणी खायची होती. चूक दिसली की ताई गप्प बसू शकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिचा भरवसा होता. भाची नमुन्याची प्रत घरी घेऊन गेली, तेव्हापासून हिचा जीव टांगणीला लागला. सगळ्यांनी अल्बमचं कौतुक केल्याचे निरोप आले. ताईचा शब्द नाही. छपाईची वेळ जवळ आली तशी हिला रडू यायला लागलं. आता ताईला माझ्या चुकासुद्धा नकोशा झाल्या, असं तिला वाटलं.

आणि एका दुपारी पडद्यापलीकडून आवाज आला.

"पासपोर्ट साइझ का, मॅडम?" मालक विचारत होते.

"फोटो नकोय मला. चूक दाखवायचीय."

पडदा सरकवून ताई आत आली. नमुना टेबलावर ठेवून तिनं बोट टेकवलं. "हा कोपरा कापलायस तू. आई काय सांगायची?"

"वळवायचा."

"मग?"

"विसरले."

"तीन कोपऱ्यांना आठवलं आणि चौथ्याला विसरलीस? कुणाला शिकवतेस?"

हिची मान खाली गेली. ताई स्टूल ओढून बसली. आवाज उतरला होता.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला. पण म्हटलं, सांगायला गेले तर म्हणशील, आली पुन्हा उसवायला."

"त्याच्याचसाठी ठेवला होता गं!"

मग ताईनं पिशवीतून टेबलक्लॉथ काढला. घड्यांवर पिवळा पडला होता. "एकदाही अंथरला नाही. अंथरायला घेतला की तू आठवायचीस," ती म्हणाली. "घे, यावरून कर."

हिनं स्कॅनरच्या काचेवर कोपरा पालथा पसरला, वर काळा कागद ठेवला. पण इतकी वर्षं घडीत राहिलेली लेस सारखी आत वळत होती. ताईनं कागदाखाली हात घालून ती दाबून धरली.

"ताई, हात काढ. चित्रात येईल."

"काढला तर दुमडतोय."

काचेखालून उजेड सरकत गेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आईचा कोपरा उमटला, पंख्यासारखा वळलेला, एकेक टाका स्पष्ट. आणि जाळीच्या भोकांतून ताईच्या दोन बोटांची टोकं दिसत होती.

"बोटं पूस आता ती," ताई डोळे टिपत म्हणाली. "चूक दिसेल."

हिनं खोडरबर निवडला, चित्र मोठं केलं, तो बोटांपाशी नेला. मग माउस सोडून दिला.

"राहू दे," ती म्हणाली. "काढली तर दुमडेल."