पाण्याला विचारणारा माणूस

बालाघाटला आमच्या मोहल्ल्यापर्यंत सांडपाण्याची नाली वाढवायचं नगरपालिकेनं ठरवलं, तेव्हा तिच्या वाटेत माझा नवाकोरा ओटा येत होता. मी अर्ज केला, ओळखी काढल्या, नाली समोरच्या बाजूनं न्यायचा ठराव करवून घेतला आणि आठवडाभर घरात मिरवलो.

मग खणायला तो आला. वाळक्या अंगाचा, वयस्कर, कानावर अर्धी विडी. फावडं भिंतीला टेकवून त्यानं आधी माझ्या बायकोकडे पाणी मागितलं.

"बादलीभर द्या, बाई. प्यायले नाही."

ते पाणी त्यानं रस्त्यावर हळूच ओतलं, वर कडुलिंबाचं पान सोडलं आणि पाहुण्याला पोचवायला निघावं तसा त्या पानामागं अदबीनं चालू लागला. पान वळत वळत माझ्या ओट्याशी येऊन थांबलं.

"ठराव तिकडचा झाला ना," मी म्हणालो.

"हौ बाबूजी. पन पान्याले कोनी इचारलं काय? तिकडून नेली त तुंबंल, अन् खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरंल."

"तुमचं घर हाये काय तिथं?"

"नाही जी, मी भरवेलीचा. पन सकाळी त्याच विहिरीचं पानी पेलो."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी माझा अर्ज मागे घेतला आणि ठराव फिरवून घेतला. त्यानं ओटा फोडला, नाली बांधली आणि गेला. पुन्हा दिसला नाही.

ओटा आता अर्धाच आहे. कोणी कारण विचारलं की मी त्याची गोष्ट रंगवून सांगतो. अर्ज कोणी केला होता, तेवढं बायको सांगते.