सलीमभाई आणि वाळूजचा खोटा अहवाल

सलीमभाई गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. क्रांती चौकात बस सिग्नलला उभी होती, मोबाइलवर मेसेज आला, आणि तो मी तीनदा वाचला. सकाळी झोपेतून उठलेच नाहीत म्हणे. तिथंच उतरलो, रिक्षा केली, शहागंज म्हणालो, आणि मग ध्यानात आलं की आपल्याला यांचं आडनाव माहीत नाही. इतक्या वर्षांची ओळख, माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिलेला माणूस, पण आडनाव... आमच्यात ते कुणी विचारतच नाही. आमची फेलोशिप दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची. पहिलं नाव सांगायचं, बाकीची ओळख चपलांसोबत दाराबाहेर ठेवायची, असा रिवाज आहे. म्हणून इथंही त्यांचं नाव मी बदललं आहे, आणि माझंही खरं दिलेलं नाही. भाभींची, म्हणजे त्यांच्या पत्नींची, तेवढी परवानगी घेतली आहे. शिलाई मशीनची दुरुस्ती करणारे, एवढी खूण सांगितल्यावर रिक्षावाल्यानं बरोबर गल्लीच्या तोंडाशी सोडलं.

दारात आमची बरीच मंडळी आधीच उभी होती. जालन्याहून आलेले त्यांचे जावई प्रत्येकाला अदबीनं विचारत होते, आपली ओळख कुठली? आता दुसऱ्याचं सभासदत्व उघड करायचं नाही, माणूस गेल्यावरही नाही, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. एकानं सांगितलं, मी गिऱ्हाईक. दुसरा म्हणाला, आम्ही सकाळी सोबत फिरायला जायचो. सलीमभाई दुकानापासून मशिदीपर्यंत सोडलं तर कधी पायी गेलेले नाहीत. आणि माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की आम्ही दोघं एकत्र शिवण शिकलो. जावयांनी माझ्या ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं आणि मान डोलावली. तेवढ्यात आतून भाभींचा आवाज आला, "ये सब उनके मीटिंगवाले हैं. मेरेकु सब मालूम है. पानी दो सबको." डोळे पुसता पुसता आम्ही सगळेच हसलो. सलीमभाई असते तर ही हकीकत त्यांनी विभागाच्या अहवालात नक्की घातली असती.

हा अहवाल म्हणजे त्यांची खास चीज. आमच्याकडे पगारी माणूस कुणी नसतो, ज्याला जमेल त्यानं सेवा उचलायची. सलीमभाईंनी पैठण, गंगापूर, वैजापूर, जालना अशा गावोगावच्या ग्रुपची खबर गोळा करायचं काम उचललं होतं. प्रत्येक ग्रुपनं महिन्याला एक कागद पाठवायचा, मीटिंग किती झाल्या, हजर किती, नवीन कुणी आलं का. ते सगळं जुळवून विभागाच्या बैठकीत वाचायचं. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर निम्मी माणसं डुलक्या घेत बसली असती. सलीमभाई मात्र चष्मा कपाळावर चढवून वाचायचे की वैजापूरच्या खोलीला नवं कुलूप लागलं, जुन्याची चावी हरवणारा माणूस सापडला, तो गडी स्वतः चिटणीस निघाला. जे पुन्हा प्यायले आणि पुन्हा आले त्यांची खबर ते सगळ्यांत आधी सांगायचे, नाव न घेता, पाहुणा आल्याच्या आनंदात. कुणी म्हणालं, अहो, ही काय कौतुकाची गोष्ट आहे? तर म्हणायचे, गेला ते आपल्याला कळलं नाय, आला ते तर कळलं ना.

या माणसाला मी सलग पाच महिने खोटा अहवाल पाठवला.

वाळूजचा, माझ्या कंपनीजवळचा, ग्रुप माझ्याकडे होता. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, एका बालवाडीच्या खोलीत. भिंतीवर क कमळाचा, ख खटाऱ्याचा, आणि खाली गुडघ्याएवढ्या रंगीत खुर्च्या. सुरुवातीला सात-आठ जण यायचे. मग कुणाची शिफ्ट बदलली, कुणाची कंपनी, कुणी पुन्हा प्यायला लागला, आणि एका गुरुवारी मी एकटाच उरलो. ग्रुप रिकामा आहे असं कळवलं तर तो यादीतून निघेल, बालवाडीची किल्ली परत जाईल, आणि मग गुरुवारी सहाला मी कुठं जाईन हे मला चांगलं ठाऊक होतं. कंपनीच्या गेटपासून घरापर्यंत तीन बार लागतात. म्हणून मी कागदावर 'हजर सात' लिहीत राहिलो. दिवाळीच्या आठवड्यात दोन कमी दाखवले, खरं वाटावं म्हणून. आणि खोटं अगदीच खोटं राहू नये म्हणून सात खुर्च्या मांडायचो, सुरुवातीचं वाचन मोठ्यानं करायचो, घड्याळ लावून बसायचो आणि शेवटची प्रार्थना म्हणून कुलूप लावायचो. आता हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

आणि एका गुरुवारी दारात सलीमभाई. न कळवता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा उतरलेला. मी मनात म्हटलं, हे तपासायला आले! मी म्हणालो, आज सगळ्यांना जरा उशीर झालाय. त्यांनी त्या सहा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, एका पिवळ्या खुर्चीत कसेबसे बसले, गुडघे पार हनुवटीला, आणि म्हणाले, "हरकत नाय. सुरू करा." मी वाचन केलं. त्यांची पाळी आली तेव्हा इतकंच बोलले, "मी सलीम, दारुडा. आज मला बोलवत नाय. तुमीच बोला." मग मी बोललो. किती वेळ बोललो ते आठवत नाही, पण पाच महिन्यांचं सगळं ओकून टाकलं. इथं कुणी येत नाही, सात नाहीत, कधीचेच नाहीत, ग्रुप बंद करायचा तर करा. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आपण दोघं हावोत ना इथं? मग मीटिंग झाली." प्रार्थनेला आम्ही हात धरतो. त्यांनी माझा हात प्रार्थना संपल्यावरही बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, माझी दया आली असेल.

पुढच्या बैठकीत त्यांनी वाचलं, वाळूजची खोली दर गुरुवारी उघडी असते, बसायला माणसं पाहिजेत. माझ्या खोट्याचा उच्चार नाही, आणि स्वतःही खोटं लिहिलं नाही. त्यानंतर एकही गुरुवार असा गेला नाही की शहरातून कुणी आलं नाही. बऱ्याचदा तेच यायचे, सिटी बसला लोंबकळत, आणि जाताना दर वेळी मुलांच्या खडूनं फळ्यावर एक शिवणयंत्र काढून जायचे. आता आमच्याकडे खुर्च्या पुरत नाहीत, सतरंजी टाकावी लागते. अशा रीतीनं सलीमभाईंनी मला वाचवलं, असं मी आजवर कितीतरी नव्या माणसांना सांगत आलो.

गेल्या आठवड्यात भाभींनी विभागाचे कागद घेऊन जायला बोलावलं. आता हे काम माझ्याकडे आलं आहे. चहा घेताना मी त्यांनाही तोच किस्सा सांगायला लागलो, ते तपासायला आले आणि मी कसा पकडला गेलो. भाभींनी मला मध्येच थांबवलं.

"तपासायला कुठले हो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दुपारपासून त्यांना प्यायची लई तलफ आलती. काय कारण बी नव्हतं. हातातलं मशीन अर्धंच सोडून चार वाजताच दुकान बंद केलं. गुरुवारी शहरात मीटिंग नसती ना. मग तुमचा कागद काढून पाहिला न् म्हणले, वाळूजला सात जण बसतेत, ते मला सांभाळतील."

मी कप खाली ठेवला. त्याच पुढं म्हणाल्या.

"घरी आले ते हसतच आले. म्हणले, सात नव्हते गं, एकच होता. पण पुरला."

हे ऐकल्यानंतरच्या गुरुवारी मी वाळूजची खोली अर्धा तास आधी उघडली आणि दाराकडे तोंड करून बसून राहिलो.