निळ्या माशाची हद्द
सुक्या बोंबलाचा वास नाकात शिरला की मला आमच्या कोल्हापुरातल्या घरची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आठवते. तिच्यात अंगठ्याएवढा एक निळा मासा होता आणि गुर्मी अशी, की जणू सगळा अरबी समुद्र त्याच्याच आज्ज्यानं खोदलाय. सकाळी नवा पिवळा मासा सोडला, तर दुपारपर्यंत यानं त्याच्या शेपटीची झालर केली. पिवळा काही संध्याकाळ बघत नाही, म्हणून मी रडकुंडीला आलो. तेवढ्यात मुरगूडचे काका-काकू आले. काका गावात बांधाच्या तंट्यांचे पंच. "वाटणी करून देतो की!" म्हणत त्यांनी बाह्या सारल्या आणि टाकीतल्याच दगडांचा मधोमध सरळ बांध घातला. निळ्यानं आधी काकांच्या बोटाचा चावा घेतला, मग दोन्ही वाटण्या घेतल्या. काकांची आरोळी कळंब्याच्या जेलात ऐकू गेली असणार. काकूंना मात्र दगडांवरचं शेवाळ बघवेना. त्यांनी टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात सगळे दगड घासले आणि हाताला येतील तसे परत रचले. निळा गरागरा फिरला. आपलं घर कुठलं हेच त्याला उमगेना. तोवर पिवळा एका कपारीत जाऊन बसलासुद्धा. "बघितलासा? हद्दच ऱ्हायली न्हाय, आता भांडतोय कशाला!" काका म्हणाले. काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "मग तुमचा नि भावजींचा बांध कधी घासू?" काका बोट चोखत बसले. पिवळा पुढं चांगला दांडगा झाला. काकांचा गावातल्या सख्ख्या भावाशी बांधावरून लागलेला दावा मात्र अजून चालूच आहे, आणि माझं मत विचाराल तर कोर्टानं एकदा काकूंना बोलवावं.